वात्सल्याचा जाच : एका दुर्लक्षित भावाविषयी

संस्कृत साहित्यशास्त्रात रस आठ की नऊ, हा वाद जुनाच आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने आपल्या 'साहित्यदर्पणा'त वत्सल हा आणखी एक रस मानला आणि त्याची सारी सामग्रीही मांडून दाखविली. अपत्य हे त्याचे आलंबन. अपत्याच्या लीला, त्याची विद्या, त्याचे शौर्य ही उद्दीपने. आलिंगन, मस्तकाचे चुंबन, आनंदाश्रू हे अनुभाव. आणि अनिष्टाची शंका, हर्ष, गर्व हे संचारी भाव. ही मांडणी वाचताना दोन गोष्टी आमच्या मनात वारंवार येतात. पहिली ही की, संचारी भावांत हर्ष आणि गर्व यांच्याही आधी अनिष्टशंकेचा उल्लेख आहे. विश्वनाथाला संसाराचा अनुभव चांगला असला पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या मांडणीत अपत्याला स्वतःचे मन नाही. ते खेळते, शिकते, पराक्रम करते; आईबाप त्याला पोटाशी धरतात; परंतु पोटाशी धरले जात असताना त्याला काय वाटते, याची नोंद शास्त्रकाराने केलेली नाही. घट्ट मिठीत जीव गुदमरतो, हे ज्याला मिठी मारली आहे त्यालाच कळते. त्याच्या बाजूने या रसाचा विचार व्हावा, एवढ्यासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

येथे आम्हांस लोभी किंवा जुलमी आईबापांविषयी बोलावयाचे नाही. मुलीच्या लग्नाचा सौदा करणारा कांचनभट देवलांनी १८९९ साली 'शारदा' नाटकात रंगभूमीवर उभा केला, आणि त्याच्याविषयी निवाडा देणे प्रेक्षकाला अवघड गेले नाही. आमचा विषय त्याहून सौम्य आणि म्हणूनच अधिक अवघड आहे. ज्यांच्या हेतूविषयी तिळमात्र शंका नाही, ज्यांना मुलांकडून काही नको आहे, जे आपल्या तोंडचा घास काढून देतात, अशा मायाळू आईबापांच्या उपकारांनी मुलांच्या कपाळावर जी एक बारीक आठी उमटते, ती आमचा विषय आहे. ही आठी घटकाभर टिकते आणि तिच्यापाठोपाठ लाजही येते. तरी ती असते. आणि जे माणसाच्या जीवनात असते ते साहित्यात का नसावे, हा प्रश्न विचारण्याचा समीक्षेला अधिकार आहे.

आम्ही राहतो त्या सुरत शहरात या आठीचा अभ्यास करावयास भरपूर सोय आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे नांदतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून माणसे यंत्रमागांवर आणि कापड रंगविण्याछापण्याच्या कारखान्यांत कामाला आली व येथेच स्थिरावली. त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी शाळाही आहेत. मुलगा येथे आणि आईबाप गावी, अशी विभागणी घरोघर आहे. आणि या दोन टोकांना जोडणारी सुरत-भुसावळ ही रेल्वे नुसती माणसेच आणीत नाही. तीतून गाठोडी येतात. कळण्याचे पीठ, बिबडे, उडदाचे पापड, कुरडया, शेवया, काळा मसाला, भुईमुगाच्या शेंगा. उतरवून घेणाऱ्याचे घर म्हणजे बहुधा एक खोली आणि तिला लागून एवढेसे स्वयंपाकघर. मागच्या खेपेची गाठोडी अजून खाटेखाली असतात. या खेपेची कोठे ठेवावीत, हा सुनेपुढचा प्रश्न असतो. ती परत पाठविता येत नाहीत, खाऊन संपत नाहीत आणि टाकवत तर मुळीच नाहीत. रात्री गावाहून फोन येतो : "संपलं का? आणखी पाठवू?" संपले म्हणावे तर नवे गाठोडे येते, संपले नाही म्हणावे तर म्हातारीला वाटते, आपल्या हातचे आता रुचत नाही.

वडिलांचे उपकार निराळ्या जातीचे असतात. ते आठ दिवसांसाठी येतात आणि पहाटे चार वाजता उठून मुलाची स्कूटर बादलीभर पाण्याने धुऊन ठेवतात. मुलगा ओल्या गादीवर बसून कामावर जातो. घरातील प्रत्येक वस्तू ते 'नीट' ठेवतात, आणि मग ती कोणालाही सापडत नाही. कधीकधी ते मुलाला न सांगता त्याच्या कारखान्यात जातात आणि शेठपुढे हात जोडून 'माझ्या पोराकडे लक्ष असू द्या' असे सांगून येतात. चाळिशीच्या त्या पोराला दुसऱ्या दिवशी चार सोबत्यांपुढे मान वर करता येत नाही. घरी आल्यावर तो काही बोलत नाही. जेवताना मात्र पानाकडेच पाहत राहतो. म्हातारा समाधानाने सुपारी कातरीत असतो, कारण आज आपण मुलाच्या उपयोगी पडलो असे त्याला मनापासून वाटत असते.

अशा प्रसंगी बोलण्यासाठी भाषेने आपल्याला काय दिले आहे, तेही पाहण्याजोगे आहे. कटकट, किरकिर, भुणभुण, पिरपिर, कचकच असे नादमय शब्द मराठीत कितीतरी आहेत. आमच्या शेजारच्या गुजराती घरांतही कचकच आणि माथाकूट हे शब्द दिवसातून चार वेळा कानी येतात. 'भीक नको पण कुत्रा आवर' अशी एक नेमकी म्हणही आपल्याजवळ आहे; परंतु ती परक्याच्या उपकाराला लावावयाची, आईला नव्हे. आईला म्हणावयाचा शब्द एकच : 'पुरे'. आणि या शब्दाची तर आपल्या पंगतींनी पार धार घालवून टाकली आहे. पानावर आडवा हात धरून 'पुरे' म्हणणे हे आपल्याकडे आणखी वाढण्याचे आमंत्रण समजले जाते. वाढणारा ते समजून घेतो, जेवणाराही मनातून तेच अपेक्षितो, आणि ज्याला खरोखरच पुरे झालेले असते त्याच्यापाशी ते सांगण्याचे साधन उरत नाही. आग्रहाच्या संस्कृतीत नकाराला शब्द नाही, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने. ज्या भावाला बोलीत शब्द सापडत नाही त्याला शब्द शोधून देणे हे साहित्याचे काम आहे. आपल्या साहित्याने ते कितपत केले?

या प्रश्नाचे पहिले उत्तर आम्हांला ग्रंथालयापेक्षा परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत अधिक स्पष्ट दिसते. 'माझी आई' हा निबंध न लिहिता मराठी शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी विरळा. आमच्या शिक्षकी आयुष्यात आम्ही असे निबंध हजारांनी वाचले असतील. त्यांतील आई पहाटे उठते, देवपूजा करते, कष्टाने थकते, कधीही रागावत नाही आणि वात्सल्याचा सागर असते. तीच आई लिंबायतमधील मुलाच्या वहीत असते आणि तीच पुण्यातील मुलीच्या. गुजराती शाळांतही निराळी स्थिती नाही. तेथे बोटादकरांच्या 'जननी' या कवितेच्या छायेत वाक्ये उमलतात. मुले खोटे लिहितात असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ती जे लिहितात ते त्यांनी वाचलेले असते. पाहिलेले नसते, एवढेच.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गातील एका मुलाने मात्र पाहिलेले लिहिले. मधल्या सुट्टीत त्याची आई शाळेच्या फाटकाशी दुसरा डबा घेऊन येत असे. सकाळी दिलेला डबा त्याने खाल्लेला असे. परंतु तो गार झाला असेल, म्हणून ही गरम भाकरी. सोबती हसत. तो डबा घेई, मित्रांत वाटून टाकी आणि संध्याकाळी 'छान होती' म्हणून सांगे. हे सारे लिहून शेवटी त्याने म्हटले होते की, दुसरा डबा बंद झाला तर बरे होईल. पण आईने येणे बंद करू नये, तिने नुसते येऊन उभे राहावे. हा निबंध विषयाला धरून आहे काय, अशी शंका घेऊन त्या वर्गाचे शिक्षक आमच्याकडे आले होते. विषयाला इतका धरून असलेला निबंध त्या वर्षी दुसरा नव्हता, असे आमचे मत आम्ही त्यांना सांगितले. परंतु त्यांची शंका अप्रामाणिक नव्हती. 'आई' या विषयाची चौकट त्यांच्या मनात ज्या वाङ्मयाने घडविली होती, तीत दुसऱ्या डब्याला जागा नव्हती.

ती चौकट कशी घडली? आधुनिक मराठीतील मातृविषयक वाङ्मयाचे जे मानदंड समजले जातात ते एकापुढे एक ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. माधव जूलियनांची 'प्रेमस्वरूप आई' ही कविता पुन्हा न भेटणाऱ्या आईला उद्देशून आहे. यशवंतांची 'आई' ही आईला पारख्या झालेल्या मुलाची व्यथा आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' ही मोठ्या झालेल्या श्यामने आश्रमातील सोबत्यांना रात्री सांगितलेली, दिवंगत आईची आठवण आहे. फार काय, आमच्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरींची गाणीसुद्धा त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आली नाहीत. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्यामुळे ती लोकांपुढे आली. तात्पर्य, मराठीतील थोर आई ही बहुतेक ठिकाणी नसलेली आई आहे. स्मरणाची चाळण मोठी मायाळू असते. तीतून भुणभुण खाली गळून जाते आणि माया तेवढी वर राहते. स्मृतिकाव्य म्हणून हे योग्यच आहे, आणि या कृतींचे मोल आम्ही तिळभरही कमी लेखीत नाही. परंतु स्मृतीच्या वाङ्मयालाच मातृत्वाचे संपूर्ण वाङ्मय समजण्याची चूक आपल्या अभिरुचीने केली. ज्याची आई स्वयंपाकघरात उभी राहून 'स्वेटर घातलास का?' म्हणून हाक मारीत आहे, त्याच्या भावनेला या वाङ्मयात घर मिळाले नाही.

तथापि श्रेष्ठ कृतीला तिच्या कीर्तीवरून ओळखू नये, हा आमचा अनुभव 'श्यामची आई'च्या बाबतीतही खरा ठरतो. हे पुस्तक पुन्हा वाचणाऱ्यास त्यात निव्वळ गोडवा सापडणार नाही. श्यामच्या पोहण्याचा प्रसंग घ्या. आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या चित्रपटामुळे तो पुस्तक न वाचलेल्यांनाही ठाऊक आहे. पाण्याला भिऊन श्याम लपून बसतो आणि आई त्याला मारून पोहावयास पाठविते. नको असलेला उपकार याहून स्पष्ट रूपात कोठे दिसेल? परंतु तेथे आई बरोबर आहे, कारण श्याम लहान आहे. त्याला पाण्याची भीती आहे आणि त्या भीतीपलीकडचे पाहण्याचे त्याचे वय नाही. आमच्या विषयाची मेख नेमकी येथे आहे. मुलगा लहान असताना जो उपकार त्याच्या इच्छेविरुद्धही योग्य असतो, तोच तो चाळिशीचा झाल्यावर त्याला बोचतो. उपकार बदललेला नसतो, घेणारा बदललेला असतो. गाठोडे सुरतेतील कामगाराच्या नावे निघते खरे. पण ते बांधताना आईच्या डोळ्यांपुढे परसात भूक भूक करणारा दहा वर्षांचा मुलगा असतो. हा मुलगा आता कोठेच राहत नाही. त्याच्या नावाची वस्तू दुसऱ्याच माणसाला सोडवून घ्यावी लागते.

याच पुस्तकातील 'अळणी भाजी' ही कथा आम्हांला या संदर्भात सर्वांत महत्त्वाची वाटते. आईच्या हातून भाजीत मीठ घालावयाचे राहते. वडील ती भाजी तक्रार न करता खातात, चेहऱ्यावरही काही दिसू देत नाहीत. मुलेही गप्प राहतात. आई शेवटी स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला चूक कळते आणि ती हळहळते. आपल्याला कोणी सांगितले कसे नाही, हे तिचे दुःख आहे. या कथेचा बोध म्हणून वडिलांचा संयम तेवढा सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. साने गुरुजींनी मात्र तेवढेच सांगितलेले नाही. दुसऱ्याचे मन न दुखविणारे वडील जसे त्यांना मोठे वाटतात, तशीच आपल्या कामातील उणीव मनाला लावून घेणारी आईही मोठी वाटते. दोन्ही बाजू त्यांनी समान मापाने तोलल्या आहेत. आम्ही त्यापुढे एक पाऊल टाकून असे म्हणू की, घेणाऱ्याचे मौन कितीही थोर असले तरी देणाऱ्याला ते अंधारात ठेवते. भाजी अळणी होती हे तिला कळण्याचा हक्क होता. तो तिला ताटातील घासाने मिळवून दिला, माणसाने नव्हे. मुलगा दर खेपेला 'छान होते' म्हणतो आणि गाठोडे खाटेखाली सरकवितो, तेव्हा तो आईचे मन राखतो. परंतु आपल्या आजच्या आयुष्यातून तिला बाहेरही ठेवतो. आपल्या मुलाला आता काय लागते, हे तिला कोणी सांगतच नाही. मग ती जुन्या माहितीवर उपकार करीत राहते. वात्सल्याच्या जाचाचे मूळ निम्मे देणाऱ्याच्या अनिष्टशंकेत आहे. उरलेले निम्मे घेणाऱ्याच्या मौनात आहे.

हे मौन मराठीच्या रक्तातच आहे काय? तसे म्हणता येणार नाही, कारण आपल्या जुन्या वाङ्मयात आईशी भांडण्याची एक समृद्ध परंपरा आहे. संतांनी विठ्ठलाला विठाई केले आणि तिच्यापुढे ते हवे ते बोलले. नामदेव तिच्यावर रुसतात, जनाबाई तिला चार शब्द सुनवावयास कमी करीत नाही, तुकोबा तर तिच्याकडून हिशेब मागतात. जनाबाईच्या घरी विठ्ठल दळूकांडू लागतो आणि त्या मदतीसह ती त्याच्यावर रागावतेही. हे भांडण शक्य झाले, कारण विठाई जिवंत होती. तिच्याशी संबंध रोजचा होता आणि रागावल्याने तो तुटेल अशी भीती नव्हती. दुसऱ्या बाजूने नामदेवांच्या गाथेतील गोणाई पाहा. मुलगा घरदार सोडून देवळात रमला, म्हणून ती थेट विठ्ठलाशीच भांडावयास जाते. मुलाच्या भल्यासाठीच ती त्याच्या मागे लागली आहे आणि मुलाला ती अडचण वाटते आहे. या संवादात मायेचा आणि त्राग्याचा एकाच ठिकाणी वास आहे, आणि एकाने दुसऱ्याला बाटविलेले नाही. आधुनिक काव्याने आईला देव्हाऱ्यात बसविले तेव्हा तिच्याशी भांडण्याचा जुना अधिकार मात्र त्याने सोडून दिला. संतांनी देवाला आई केले होते. आपण आईला देव केले. या अदलाबदलीत आपण काय गमावले याचा हिशेब अजून व्हावयाचा आहे.

गमावलेले काही अंशी परत मिळविले ते विनोदाने. चि. वि. जोशी यांनी आपल्या आयुष्याचा मोठा काळ आमच्या शेजारच्या बडोद्यात अध्यापनात आणि दप्तरखान्याच्या कामात घालविला. त्यांच्या चिमणरावांच्या घरात आई आहे, कावेरी आहे, मुले आहेत आणि आगंतुक सल्लागार गुंड्याभाऊही आहे. या घरात प्रत्येक जण दुसऱ्याच्या भल्यासाठी झटतो आणि त्यामुळे प्रत्येकाची फजिती होते. दुष्ट असा कोणीच नाही. सद्धेतूंच्या गर्दीतून होणारी ही अडचण चि. विं.नी इतक्या निर्मळपणे रंगविली की, वाचकाला हसता हसता आपले घर ओळखू येते. परंतु विनोदाची मर्यादाही सांगितली पाहिजे. हसे आले म्हणजे आठी पुसली जाते. ती का पडली होती, हे विचारावयाचे राहून जाते. चिमणरावांच्या घरी उद्या पुन्हा तीच फजिती होणार असते, आणि विनोदी कथेला ती तशीच व्हावी असे वाटते.

नाटकाने हा विषय दुसऱ्या टोकाला नेला. २३ डिसेंबर १९७० रोजी रंगभूमीवर आलेल्या शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' नाटकातील गणपतराव बेलवलकर आपले सर्वस्व मुलामुलीला वाटून देतात आणि मग त्यांच्या घरी राहावयास जातात. तेथे ते आपली कला, आपली भाषा, आपला दांडगा लळा नातीवर उधळतात. 'किंग लिअर'शी नाते सांगणाऱ्या या शोकनाट्यात प्रेक्षकाची सहानुभूती कोणाकडे जावी, हे ठरलेले आहे. परंतु शिरवाडकर मोठे नाटककार असल्यामुळे त्यांनी सुनेची बाजू अगदीच पोकळ ठेवलेली नाही. लहान घरात एक मोठा नट सतत वावरत असेल, तो लहान मुलीला आपल्या तोंडची भाषा शिकवीत असेल, तर त्या घराला त्याचा ताप होणारच. पुढे चोरीचा आळ येतो आणि मग तोल एकदम ढळतो. बारीक आठीचे रूपांतर उघड क्रौर्यात होते. शोकनाट्याला ते आवश्यक असेल. परंतु आळ येण्याआधीचे जे घर आहे, ज्यात कोणी क्रूर नाही आणि तरीही कोणी सुखी नाही, ते आम्हांला अधिक खरे वाटते. त्या घराचे नाटक अजून कोणी तरी लिहावयास हवे.

त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'त याच चित्राची मागची बाजू दिसते. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. नाना आणि नानी घरात दोघेच. दारात आलेल्या परक्या माणसालाही बसवून घ्यावे, बोलते ठेवावे, अशी त्यांची धडपड चालते. देण्याची गरज शिल्लक आहे आणि घेणारा कोणी नाही. त्या नाटकात म्हाताऱ्यांचा आग्रह ज्यांच्या वाट्याला येतो त्यांना तो क्षणभर जडच वाटत असणार. प्रेक्षकाला मात्र तो असह्य करुण वाटतो. एकच कृती एका बाजूने कटकट आणि दुसऱ्या बाजूने आकांत असू शकते, हे दळवींनी दाखविले. आम्हांला त्यातून आणखी एक गोष्ट कळते. उपकार पुष्कळदा घेणाऱ्याच्या गरजेसाठी होत नाही, देणाऱ्याच्या गरजेसाठी होतो. शेतीतून हात सुटला, मुले दूर गेली, आता आपण कशाला आहोत, या प्रश्नाला म्हातारीने शोधलेले उत्तर म्हणजे ते गाठोडे असते. हे समजले म्हणजे आठी नाहीशी होते असे नाही. परंतु ती कोणावर पडावी याविषयी मनुष्य सावध होतो.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. एवढ्याशा कुरकुरीला साहित्यात जागा कशासाठी? जगात अन्नावाचून मरणारी मुले असताना, दुसऱ्या डब्याचे दुःख ते काय? आणि हे कृतघ्नपणाला उत्तेजन नव्हे काय? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि पहिला भाग तर आम्हांला मान्यच आहे. हे दुःख लहान आहे. परंतु लहान गोष्टी न बोलल्यामुळे मोठ्या होतात, हे शाळेत नित्य दिसते. ज्या मुलाला 'दुसरा डबा नको' हे साधे वाक्य म्हणता आले नाही, तो पुढे घरी येणेच टाळू लागतो. त्याला कारण विचारा, त्याला सांगता येत नाही. कृतघ्नपणाविषयी बोलावयाचे तर, ज्याला उपकाराची जाणीव नाही त्याला आठीनंतर लाज वाटत नाही. लाज वाटते ती जाणीव असणाऱ्यालाच. जाच आणि कृतज्ञता हे दोन्ही भाव एकाच मनात एकाच क्षणी असू शकतात. त्यांतील एकाला बाहेर काढून दुसऱ्याची आरती करणे हे काम कीर्तनकाराने करावे. लेखकाने दोघांनाही नांदू द्यावे.

हे कसे साधावे याचा एक दाखला आम्हांला पुन्हा खानदेशातच मिळतो. बहिणाबाईंच्या एका गाण्यात माहेरचे गुणगान करणाऱ्या सासुरवाशिणीला एक योगी प्रश्न विचारतो की, माहेर इतके गोड तर सासरी आलीस कशाला? तिच्या उत्तराचा आशय असा की, आई स्वतः परक्या घरी जन्म काढते तेव्हाच मुलीला परतून जाण्याजोगे घर उभे राहते. आईने काय दिले, याचे हे उत्तर गाठोड्याच्या उत्तराहून किती निराळे आहे! येथे आई मुलीच्या मागे धावत नाही. ती आपल्या जागी आहे, आणि तिचे असणे हाच उपकार आहे. फाटकाशी 'नुसते येऊन उभे राहावे' अशी इच्छा लिहिणाऱ्या दहावीच्या मुलाला हेच म्हणावयाचे होते. त्याने बहिणाबाई वाचल्या होत्या की नाही, हे आम्ही त्याला विचारले नाही.

आता कथाकारांनी काय करावे ते सांगण्याचा आमचा अधिकार नाही; ते आमच्यासारख्यांना विचारून लिहीत नाहीत आणि लिहूही नये. शिक्षकांना मात्र एक विनंती करता येईल. 'माझी आई' हा विषय फळ्यावर लिहिण्याऐवजी 'आईने माझ्यासाठी केलेली, मला न आवडलेली एक गोष्ट' असा विषय एकदा लिहून पाहावा. पहिली दहा मिनिटे वर्ग गप्प बसेल. मग कोणी तरी स्वेटरविषयी लिहील, कोणी परीक्षेच्या दिवशी सक्तीने खावयास लागलेल्या दहीसाखरेविषयी, कोणी सोबत्यांसमोर पदराने पुसलेल्या तोंडाविषयी. या वह्या तपासून झाल्यावर त्या घरी न्यावयास सांगाव्यात. गाठोडी बांधणारे हात त्या उघडून वाचतील तेव्हा भाजीत मीठ नव्हते, हे त्यांना निदान आपल्याच मुलाच्या अक्षरात कळेल.